निळा दिसला म्हणून उचलू नका

दिवाळीत सुतळी बॉम्ब लावतात. वात जळते, सगळे कानांवर हात ठेवतात आणि बॉम्ब काही वाजत नाही. मग एखादं पोर वाकून बघायला धावतं. तेवढ्यात घरातलं मोठं माणूस ओरडतं, "थांब! जवळ जाऊ नको!"

ते माणूस दारूकाम शिकलेलं नसतं. पण वाजून गेलेल्या बॉम्बला भ्यायचं नसतं, न वाजलेल्याला भ्यायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं.

मला आज तुम्हाला तेच सांगायचं आहे. फक्त बॉम्ब सुतळीचा नाही. विमानातून पडलेला, तोफेतून सुटलेला, जमिनीत रुतून बसलेला आणि कधी कधी पन्नास-ऐंशी वर्षं न वाजलेला, असा आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठून आला बॉम्ब? तर जरा आजूबाजूला बघा. अहिल्यानगरजवळ के. के. रेंजवर रणगाड्यांचा गोळीबाराचा सराव चालतो. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं मोठं शिक्षण केंद्र आहे. पुलगावला दारूगोळ्याचं मोठं कोठार आहे. सरावात झाडलेले सगळेच गोळे फुटत नाहीत. काही मातीत शिरतात, पाऊस पडतो, वरून गवत वाढतं. मग कधी मेंढरांमागे फिरणाऱ्या पोराला ते दिसतात, कधी नांगराच्या फाळाला लागतात, कधी जेसीबीच्या बादलीत येतात.

मुंबईची गोष्ट तर ऐकलेली असेलच. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज फुटलं. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. सोन्याच्या विटा गाळातून पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या, ही गोष्ट सगळे चवीनं सांगतात. त्याच गोदीतून २०११ साली एक जिवंत तोफगोळाही निघाला, हे मात्र कुणी सांगत नाही. ६७ वर्षांनी! सोनं टिकतं तशी दारूही टिकते.

म्हणून आधी एक समजूत डोक्यातून काढून टाका. जुना म्हणजे मेलेला, असं नाही.

उलट काही बॉम्ब जुने होतात तसे जास्त बिघडतात. दुसऱ्या महायुद्धात विमानातून टाकलेल्या काही बॉम्बमध्ये उशिरा फुटण्याची सोय केलेली असे. आत रसायनाची एक कुपी आणि एक पातळशी चकती. रसायन चकतीला हळूहळू खाई आणि मग बॉम्ब फुटे. ज्या बॉम्बमध्ये ते काम अर्धवट राहिलं, त्यांची चकती आज ठिसूळ होऊन बसली आहे. जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात जून २०१० मध्ये असाच एक बॉम्ब निकामी करायची तयारी चालू असताना फुटला. पथकातली तीन माणसं गेली. ती आयुष्यभर हेच काम करणारी माणसं होती.

जपानच्या मियाझाकी विमानतळावर तर कुणी हातही लावला नव्हता. २ ऑक्टोबर २०२४ ला धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याखाली गाडला गेलेला महायुद्धातला अमेरिकन बॉम्ब आपोआप फुटला. थोड्याच वेळापूर्वी जवळून एक प्रवासी विमान गेलं होतं. नशीब, कुणाला इजा झाली नाही.

आता रंगांकडे येऊ. कारण लोक मला हेच विचारतात. "रंगावरून कळतं म्हणे, कुठला खरा आणि कुठला सरावाचा?"

कळतं. पण ज्याला कळायला हवं त्याला.

बॉम्बवर रंग लावतात ते कोठारात काम करणाऱ्या सैनिकासाठी. विमानाला चुकीचा बॉम्ब लावला जाऊ नये, धुराचा गोळा स्फोटाच्या ढिगात जाऊ नये म्हणून. त्याच्याकडे यादी असते, वही असते, वरचा अधिकारी असतो. रंग त्याच्याशी बोलतो. तुमच्या-माझ्यासाठी तो रंग लिहिलेलाच नसतो.

तरी माहिती असू द्या. अमेरिकन पद्धतीत, जी पुष्कळ देशांनी घेतली आहे, विमानातून टाकायचा खरा बॉम्ब बहुधा मळकट हिरवा किंवा राखाडी असतो आणि नाकाजवळ त्याला पिवळं कडं असतं, कधी दोन-तीन. पिवळं म्हणजे आत जोरदार स्फोटक. तपकिरी पट्टा म्हणजे हळू जळणारी दारू, जशी रॉकेटला ढकलायला लागते. फिकट लाल म्हणजे आग लावणारा. पांढरा म्हणजे रात्री उजेड पाडणारा. आणि निळा म्हणजे सरावाचा.

झालं. आता तुम्हाला वाटेल, निळा दिसला तर काळजी नाही.

इथेच माणसं फसतात.

सरावाचा बॉम्ब म्हणजे रिकामा लोखंडी ठोकळा, असं नसतं. तो कुठे पडला हे वैमानिकाला वरून दिसायला हवं. म्हणून त्याच्या आत धूर आणि चमक काढणारं काडतूस बसवतात. छोटा, निळा, सुमारे ११ किलोंचा सरावाचा बॉम्ब एकट्यानं उचलता येईल असा असतो. त्यातलं काडतूस उडालं नसेल आणि तुम्ही तो उचलून बांधावर आपटलात, तर बोटं जातात, डोळे जातात. नावाला सराव असला तरी त्यात जळणारी वस्तू खरीच असते.

दुसरी गोष्ट. रंगांचा हा कोश सगळ्या जगात एक नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बॉम्बच्या शेपटीवर रंगाचे पट्टे मारले. पिवळा म्हणजे पातळ कवचाचा साधा बॉम्ब. लाल म्हणजे जाड कवचाचा, ज्याचे तुकडे लांबवर उडतात. आणि निळा? निळा म्हणजे चिलखत फोडून आत शिरणारा. बघा, एकाचा निळा सरावाचा, दुसऱ्याचा निळा जहाजाची पोलादी पाठ फोडणारा.

लालची कथाही तशीच. त्या काळच्या ब्रिटिश बॉम्बवर नाकाजवळ लाल कडं असे. त्याचा अर्थ, आत दारू भरलेली आहे. जर्मनांचा लाल वेगळा, अमेरिकनांचा वेगळा. एकाच लाल रंगाचे तीन अर्थ. कुंकवाचा लाल आणि सिग्नलचा लाल आपण कधी एक मानत नाही, मग इथे कशाला अंदाज बांधायचा?

तिसरी गोष्ट तर अगदी साधी. रंग उडतो. तुमच्या घराच्या खिडकीच्या गजांना दिलेला रंग किती पावसाळे टिकतो? मग मातीत पडलेल्या लोखंडावर तो काय टिकणार? पिवळ्यावर गंज चढला की तो तपकिरी दिसतो. निळा विटला की राखाडी दिसतो. बहुतेक वेळा रंग नसतोच. नुसता गंजलेला, चिखलानं माखलेला लोखंडी कांदा. आणि आपल्यातल्या काही पुरुषांना लाल आणि हिरवा नीट वेगळा दिसत नाही, हेही विसरू नका. त्यांना स्वतःलाही ते कधी कधी माहीत नसतं.

बॉम्बवर अक्षरं आणि आकडे असतात. वजन, बनवल्याची खूण, भरलेल्या मालाचा गट. ती वाचायला म्हणून माती पुसू नका. पाणी ओतू नका. काडीनं खरवडू नका. वाचून तुम्हाला काही उमगणार नाही आणि वाचेपर्यंत हात मात्र बॉम्बवर जाईल.

रंगाचा आणखी एक किस्सा सांगतो, कारण तो मला कधी विसरता येत नाही.

२००१ साली अफगाणिस्तानात अमेरिकन विमानं दोन गोष्टी टाकत होती. एक, उपाशी लोकांसाठी जेवणाची पाकिटं. दुसरी, मोठ्या बॉम्बच्या पोटातून सुटणारे छोटे बॉम्ब, थंड पेयाच्या डब्याएवढे. दोन्ही पिवळे! पाकीट पिवळं, कारण लांबून दिसावं. बॉम्ब पिवळा, कारण नियमच तसा. भुकेल्या पोरानं पिवळं काही पाहिलं तर त्यानं काय करायचं? शेवटी रेडिओवरून सूचना द्याव्या लागल्या, पत्रकं टाकावी लागली आणि पुढे पाकिटांचा रंग बदलून निळा केला. दोन्ही बाजूंना शिकलेली, हुशार माणसं बसलेली होती. तरी रंगानं घात केला.

तेव्हा रंग बघून ठरवू नका. आकारही फसवा असतो, पण लांबून सावध व्हायला आकार उपयोगी पडतो. एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला पत्र्याचे पंख किंवा पाती. जाड नळीसारखं काही, ज्याला बुडाजवळ तांब्याचं कडं. चेंडूएवढा लोखंडी गोळा, ज्यावर रेघा किंवा खाचा. डब्यासारखं काही, ज्याला फीत किंवा तार लोंबते. अर्धवट जमिनीत रुतलेलं आणि भोवती खड्डा. यातलं काहीही दिसलं की तुमच्या लेखी तो बॉम्ब. खोटा निघाला तर चांगलंच आहे. पोलीस हसतील, चहा पिऊन जातील.

आता करायचं काय, ते क्रमानं ऐका.

पहिलं, जागच्या जागी थांबा. पुढे पाऊल टाकू नका. एक आहे म्हणजे आसपास आणखी असू शकतो.

दुसरं, आपल्याच पावलांवरून मागे फिरा. आलात त्याच वाटेनं. आडवाटेनं जवळ पडतं म्हणून गवतातून जाऊ नका.

तिसरं, सोबत कुणी असेल तर मोठ्यानं सांगा. "हात लावू नका, माझ्यामागे या." पोरं असतील तर त्यांना आधी तिथून बाहेर काढा. धावू देऊ नका.

चौथं, लांब आल्यावर फोन करा. बॉम्बच्या शेजारी उभं राहून नाही. ११२ लावा किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. गावात पोलीस पाटील आहेत, सरपंच आहेत, त्यांना सांगा. नीट खूण सांगा: कुणाचं शेत, कुठली विहीर, कुठला बांध, कुठलं झाड. "माळावर आहे" एवढं सांगून शोधणाऱ्याला तुम्ही माळभर फिरवाल, आणि तेच तर टाळायचं आहे.

पाचवं, वाटेवर कुणीतरी उभं राहा. जवळ नाही, लांब, जिथून माणसं येतात तिथे. झाडाच्या फांदीला कापड बांधा, वाटेत दगड मांडा. बॉम्बपाशी काठी रोवायला जाऊ नका.

मग बॉम्ब शोधक-नाशक पथक येईल किंवा सैन्याची माणसं येतील. वेळ लागेल. कधी दुसरा दिवस उजाडेल. तेवढं थांबायची तयारी ठेवा. त्या पट्ट्यात पाणी धरू नका, नांगर घालू नका, उसाचं पाचट पेटवू नका. शेजारच्या रानात पेटवलेलं पाचटही वाऱ्यानं कुठवर जाईल सांगता येत नाही.

आता काय करायचं नाही, तेही सांगतो. कारण हे सगळं खरंच घडतं आणि चांगल्या मनाची माणसंच करतात.

बॉम्ब उचलून मोटारसायकलवर ठेवून पोलीस ठाण्यात नेऊ नका. पोरांच्या हाती लागू नये म्हणून विहिरीत, ओढ्यात टाकू नका. पाण्यानं तो विझत नाही, फक्त दिसेनासा होतो. परत पुरू नका. पुरणारा विसरतो आणि दहा वर्षांनी त्याचाच मुलगा तिथं बोअर घेतो. फोटो काढायला जवळ जाऊ नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून गावाला बघायला बोलवू नका. गर्दी जमवायची ही जागा नव्हे.

काही जण म्हणतात, "कळवलं तर आपल्याच मागे चौकशी लागेल." हा धाक मला कळतो. पण उलट विचार करा. सापडलेली वस्तू कळवणं हा गुन्हा नाही. ती घरात, गोठ्यात, दुकानाच्या मागे ठेवली तर मात्र १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आडवा येतो. फोन केलात तर तुम्ही साक्षीदार. लपवलंत तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

रेंजच्या कडेला राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सैन्याच्या गोळीबार सरावाबद्दल १९३८ पासून वेगळा कायदा आहे. सरावाच्या तारखा आधी जाहीर करण्याची त्यात सोय आहे आणि सरावामुळे कुणाचं नुकसान झालं तर भरपाईचीही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखा लागतात का, हे विचारा. लागत नसतील तर लावायला सांगा. त्या दिवसांत गुरं तिकडे नेऊ नका. आणि सराव संपला म्हणून दुसऱ्याच दिवशी पळसाची पानं गोळा करायला आत शिरू नका. आवाज थांबला म्हणजे रान मोकळं झालं, असं नव्हे.

आता ज्या माणसांसाठी मी हे सगळं लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो. भंगार गोळा करणारे आणि भंगार घेणारे.

तुमच्यावर मला राग नाही. पोट आहे. लोखंडाला भाव आहे, पितळेला त्याहून जास्त, तांब्याला त्याहूनही. गोळ्याभोवतीचं ते तांब्याचं कडं दिसलं की हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे. पण हिशेब मांडून बघा. ते कडं काढायला छिन्नी आणि घण लागतो, नाहीतर गॅस कटर. बॉम्बला फुटायला नेमकं तेच लागतं. ठोका आणि उष्णता. तुम्ही त्याचं राहिलेलं काम त्याला करून देता.

माल्टा नावाच्या छोट्या बेटावर महायुद्धात जर्मनांनी एक प्रकारचे छोटे बॉम्ब टाकले होते. उघडले की फुलपाखरासारखे पंख निघत. युद्ध संपलं. १९८१ साली तिथल्या एका माणसाला असा एक बॉम्ब मिळाला. त्याला तो बिनकामाचा डबा वाटला. त्यानं तो एका लोखंडी नळीला वेल्डिंग करून जोडला आणि हातोडा म्हणून वापरू लागला. वेल्डिंगमध्ये फुटला नाही. ठोकताना फुटला. त्याचा जीव गेला. आपल्याकडेही हातोड्याला दांडा नाही म्हणून काहीबाही जोडणारे हात घरोघरी आहेत.

भंगारवाल्यांनो, तुमच्या काट्यावर कुणी निमुळतं, जड, बंद तोंडाचं लोखंड आणून ठेवलं तर वजन करू नका. "कुठून आणलंस?" हा प्रश्न नंतर. आधी सगळ्यांना दुकानाबाहेर काढा. पोत्यात भरलेला माल ट्रकमध्ये फेकायच्या आधी ओतून बघण्यापेक्षा, घेतानाच एक-एक नग पाहून घ्यायची सवय लावा. बंद नळी, बंद डबा, बंद गोळा घेऊ नका. त्यात पैसा बुडाला तर थोडाच बुडेल.

आणि जे हे काम रीतसर करतात, त्यांच्याही हातून घडतं हे विसरू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करायच्या कामात स्फोट झाला आणि सहा जण गेले. तिथे नियम होते, नेमलेली जागा होती. तुमच्या दुकानामागे काय आहे?

या बाबतीत जगानं कुणाकडून शिकावं तर लाओसकडून. छोटा देश आहे, शेतकऱ्यांचा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं त्यावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांतल्या मोठ्या बॉम्बच्या पोटातून सुमारे २७ कोटी छोटे गोळे विखुरले. त्यांतले सुमारे ८ कोटी फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. तिथली माणसं त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. टेनिसच्या चेंडूएवढा असतो. भातखाचरात कुदळ घालताना लागतो, चूल पेटवली की खालची जमीन तापून फुटतो. चेंडू समजून पोरं उचलतात.

तिथे बॉम्बची रिकामी कवचं घराला खांब म्हणून लावलेली आहेत, त्यांत कांद्याची पात लावलेली आहे. एका गावात तर बॉम्बच्या अ‍ॅल्युमिनियमचे चमचे बनवून विकतात. आपल्याला वाचून कौतुक वाटतं. पण त्या कवचापर्यंत पोचायला किती हात गेले, ते चमच्यावर लिहिलेलं नसतं. तिथे साफ केलेल्या जमिनीच्या कडेला खुणा असतात, एका बाजूला पांढरी, दुसऱ्या बाजूला लाल. पांढऱ्याच्या बाजूनं चाला, लालच्या पलीकडे जाऊ नका. हा रंग मात्र तुमच्या-माझ्यासाठी लिहिलेला आहे. पर्यटनाला त्या बाजूला गेलात आणि दगडावर लाल रंग दिसला, तर फोटोसाठीही एक पाऊल पलीकडे टाकू नका. लडाखच्या वाटेवर कारगिलला थांबाल, तिथेही. १९९९ चे गोळे तिथल्या उतारांवर अजून निघतात. दगड आठवण म्हणून आणा, लोखंड नको.

घरात काय आहे तेही एकदा बघा. साताऱ्याकडच्या, कोल्हापूरकडच्या फौजी घरांत आजोबांची ट्रंक असते. कधी बैठकीत तोफगोळ्याची पितळी पुंगळी फुलदाणी म्हणून ठेवलेली असते. आमच्याही नात्यात एक होती. दसऱ्याला चिंच लावून घासली जायची, त्यात मोरपिसं असायची. पुंगळी वरून उघडी आणि आत स्वच्छ दिसत असेल, तर बहुधा ती झाडून झालेली असते. तरी तिच्या बुडाशी मध्यभागी जी टिकली असते, तिच्यावर खिळा ठोकू नका, तिला भोक पाडू नका, भट्टीत घालू नका. आणि ट्रंकेत तोंड बंद असलेलं, जड, हलवल्यावर आत काही हलतंय असं वाटणारं काही दिसलं, तर ते हलवून बघणं तिथेच थांबवा. झाकण आहे तसं ठेवा. खोलीबाहेर या. ११२.

आजोबांच्या आठवणीचा अपमान होईल असं वाटून घेऊ नका. आजोबा असते तर त्यांनीच आधी ओरडून बाहेर काढलं असतं.

मुलांना हे सांगताना घाबरवू नका. घाबरवलं की पोरं लपवतात. खेळता खेळता सांगा. "अनोळखी लोखंड दिसलं, तर काय?" "थांबायचं." "मग?" "मागे फिरायचं." "मग?" "मोठ्यांना सांगायचं." तीनच उत्तरं. आणि सांगितलं म्हणून शाबासकी द्या, तिकडे गेलास कशाला म्हणून मार देऊ नका. एकदा मार खाल्लेलं पोर दुसऱ्यांदा सांगत नाही. शाळेतल्या बाईंना विनंती करा, पावसाळ्यानंतर शाळा भरली की एकदा बोलायला. पाऊस माती वाहून नेतो आणि पुरलेलं वर येतं, म्हणून पावसाळ्यानंतर.

तुमची मुलं-सुना परदेशात असतील तर त्यांनाही हे उपयोगी पडेल. फ्रँकफर्टला पुष्कळ मराठी घरं आहेत. ३ सप्टेंबर २०१७ ला त्या शहरात ६० हजारांहून जास्त लोकांना सकाळीच घर सोडायला लावलं. बांधकामात १.८ टनांचा ब्रिटिश बॉम्ब निघाला होता. दीड किलोमीटरचा घेर रिकामा केला, दोन रुग्णालयं हलवली, त्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंही होती. अशा बॉम्बला महायुद्धात 'ब्लॉकबस्टर' म्हणत, एका तडाख्यात आख्खी आळी पाडणारा. सिनेमाला लावतो तो शब्द तिथूनच आला. तिकडे अशी सूचना आली तर "काही होत नाही, इतकी वर्षं झालं नाही" म्हणून घरात बसू नका. औषधं, पासपोर्ट, बाळाचं दूध घ्या, दार ओढा आणि निघा. त्या दिवशी लोक निघाले, म्हणून संध्याकाळी बॉम्ब निकामी झाल्यावर सगळे आपापल्या घरी जेवले.

एक शेवटचं काम आहे, आजच उरकून टाका. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर गॅसवाल्याचा नंबर असतो, दूधवाल्याचा असतो, इलेक्ट्रिशियनचा असतो. त्याच्याखाली तुमच्या पोलीस ठाण्याचा आणि पोलीस पाटलांचा नंबर लिहा. मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल असा. ११२ आपल्याला पाठ असतो खरा, पण हातपाय कापायला लागले की तोही आठवत नाही.